मन घट्ट करू नका, जायची तारीख ठरवा

या वेळचं पत्र पुण्याच्या वाकडहून आलं आहे. वहीच्या कागदावर हाताने लिहिलेलं, चार पानी. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, नमस्कार. माझं वय ६४. गाव अमळनेर तालुक्यात, माहेर पारोळ्याकडचं. हे गेल्यावर मुलाने इकडे आणलं, त्याला आता दोन वर्षं होतील. अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा आणि सून दोघं कंपनीत. नातू यंदा पहिलीत गेला. त्याला दुपारी बसवरून आणणं, जेवू घालणं, झोपवणं माझ्याकडे. सून गुणाची आहे, कधी शब्दाने दुखवत नाही. स्वयंपाकाला बाई, धुण्याभांड्याला बाई. सगळे म्हणतात, आई, तुम्ही आता आराम करा. पण जीव रमत नाही. पहाटे चारला जाग येते आणि करायला काहीच नसतं. गावाला या वेळी मी अंगण झाडायला घ्यायची, समोरून जाऊ हाक मारायची. इथे गॅलरीत बसून हायवेच्या गाड्या बघते. जेवण जात नाही, भाजी गोडसर लागते. अहिराणी बोलायला कोणी नाही. नातवाशी बोललं तर त्याची भाषा बिघडेल असं वाटतं. गावाला जाऊन येते म्हटलं की मुलगा म्हणतो, तिथे आता कोण आहे तुझं, घर बंद आहे, एकटी कशी राहशील, दिवाळीनंतर बघू. दोनदा असं झालं, मग मी विचारणंच सोडलं. आता ते घर विकायचं बोलणं निघालंय. मी काही म्हणाले नाही, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लग्न होऊन सासरी आले तेव्हा अठराची होते, तेव्हाही असंच व्हायचं. पण या वयात हे शोभतं का? सगळं सुख असून मी रडते, मी कृतघ्न आहे का? मन घट्ट कसं करू ते सांगा."

प्रिय मावशी,

तुम्ही कृतघ्न नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मूळ पत्रात हा प्रश्न तुम्ही तीन ठिकाणी विचारलाय आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठोपाठ सुनेचं कौतुक केलंय. मुलाच्या घरी तुम्हाला सुख आहे आणि गावच्या घरासाठी जीव तुटतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. सून कितीही चांगली असली तरी ती तुमच्या अंगणाची जागा कशी भरून काढेल? तिचीही तशी अपेक्षा नसावी.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. अठराव्या वर्षी सासरी आलात तेव्हाही असंच व्हायचं. ते कशाने निभावलं, आठवून बघा. मन घट्ट करून? मला नाही वाटत. आपल्या जुन्या माणसांना हे दुखणं नीट ठाऊक होतं आणि त्यावर त्यांनी इलाज बांधून ठेवला होता. नव्या नवरीला पहिल्या वर्षी सणावाराला माहेरी न्यायचंच. न्यायला माणूस यायचा, मुऱ्हाळी. भाऊ असो, काका असो, तो यायचा म्हणजे यायचाच. तुमच्या खानदेशात तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचाच सण. लिंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, चार दिवस कुणाची सून नसायचं. सासरी कितीही जड गेलं तरी त्या पोरीला एक गोष्ट पक्की माहीत असायची: आखाजीला मी घरी असेन. त्या एका तारखेच्या आधारावर ती मधले महिने काढायची.

आणि तिचं रडणं कुणी लाजिरवाणं मानलं नाही. जात्यावर बसून ती ते मोठ्याने गायची. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आई, भाऊ आणि माहेरची वाट किती वेळा येते! आज त्यातल्या पुष्कळ ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. सुनेला सांगा, फोनवर लावून देईल. पहाटे चारला गाड्या बघण्यापेक्षा त्या ऐका. तुम्हाला स्वतःच्याही आठवतील, त्या वहीत लिहून ठेवा.

सांगायचं हे की साठी उलटल्यावर तुम्ही दुसऱ्यांदा घर सोडलंय. पहिल्या वेळी घर सुटलं तेव्हा सगळा गोतावळा तुम्हाला परत नेण्यासाठी उभा होता. या वेळी तुम्हाला न्यायला कुणी येणार नाही आणि जायची तारीख कुणी सांगत नाही. दुखणं तेच आहे, इलाज काढून घेतलाय. मग ते वाढणारच. यात तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

याला एक फार जुना दाखलाही आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांवर प्रबंध लिहिला. त्यात बर्नहून बाझलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिगत आहे. ताप, छातीत धडधड, दिवसेंदिवस खंगत चाललेला. लोकांनी त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केल्या होत्या. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, याला घरी पाठवा. निघायची तयारी सुरू झाली तशी त्याला हुशारी आली, आणि बाझलपासून थोडं अंतर गेल्यावर तर तो मोकळा श्वास घ्यायला लागला. घरी पोचायच्या आधीच बरा झाला. म्हणजे तरण्याताठ्या पोरांचीही हीच गत होते. वयाचा प्रश्न तुम्ही डोक्यातून काढून टाका.

तर माझा सल्ला एवढाच: तारीख मागा. "जाऊन यावंसं वाटतं" असं म्हणू नका, त्यावर "बघू" हेच उत्तर येतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचा रोट होतो, आणि भाऊबंदकीतली माणसं कुठेही असली तरी त्यासाठी गावी येतात. तुमच्या मुलाच्या नावाची मूठही त्यात असते. तेव्हा "कानबाईला मी गावाला जाणार, दहा दिवस राहणार" असं सरळ सांगा. दुसरी खेप मे महिन्यात, नातवाची सुट्टी लागली की त्याला घेऊन. वर्षातून दोनदा, ठरलेलं, घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं. आजारपण किंवा तसंच काही मोठं आलं तर बदलायचं, एरवी नाही.

मुलगा "बघू" का म्हणतो, याचाही विचार केला पाहिजे. त्याला तुमची काळजी आहे हे खरं. पण माझ्या मते तो बोलत नाही अशी एक अडचण आहे. तुम्ही दहा दिवस नसाल तर दुपारी पोराला बसवरून कोण उतरवून घेणार? वाकडसारख्या ठिकाणी हजारो घरांचा संसार आजीच्या या दोन-तीन तासांवर उभा आहे, आणि तोंडाने ते कुणी म्हणत नाही. मग "तुला तिथे कोण आहे" असली कारणं पुढे येतात. हा विषय तुम्हीच काढा. दहा दिवस पाळणाघर, किंवा दोघांनी आळीपाळीने घरून काम, किंवा सोसायटीतल्या एखाद्या ओळखीच्या घरी सोय. तीन आठवडे आधी ठरवलं तर यातलं काहीही जमतं. ऐनवेळी सांगितलं तर कुठलंच जमत नाही.

आणि हे पुढचं तुमच्या मुलासाठी लिहिते, त्याला वाचायला द्या.

दादा, आईला तिथे कोण आहे असं तुम्ही विचारता. समोर राहणारी जाऊ आहे, चाळीसहून जास्त वर्षं जिने पहाटे हाक मारली. अंगण आहे, जे त्यांनी रोज झाडलं. तुमचे वडील त्याच घरात गेले. पत्रात आईने त्यांच्याबद्दल "हे गेल्यावर" एवढे दोनच शब्द लिहिलेत आणि पुढे सरकल्या. तुम्ही त्यांना लगेच पुण्याला आणलंत ते मायेपोटी, याबद्दल मला शंका नाही. पण नवऱ्याचं जाणं आणि घर सुटणं ही दोन दुःखं त्यांच्यावर एकाच वेळी आली, आणि पहिल्यासाठी रडायला जी जागा हवी होती तीच दुसऱ्याने काढून घेतली. त्यांना तिथे जाऊ द्या. पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः सोडायला जा. दोन दिवस रजा काढा, कुलूप तुमच्या हाताने उघडा, वीज, पाणी आणि गॅस बघा, कौलं-पत्रे गळतात का ते बघून घ्या, बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर त्या मोजून डबीत भरा. रात्री काकू सोबतीला झोपतील का, ते आधीच फोन करून विचारा. "एकटी कशी राहशील" हा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर शोधा. तो प्रश्न नकारासारखा वापरू नका. आणि हो, परत आणायलाही या.

मावशी, घर विकण्याबद्दल. त्या रात्री तुम्ही गप्प राहिलात. घरात ते गप्प राहणं होकार म्हणून धरलं गेलं असेल, म्हणून बोला. घर तुमच्या यजमानांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला मुलामुलींच्या बरोबरीने वाटा आहे. तुमच्या सहीशिवाय तुमचा वाटा विकला जात नाही. ग्रामपंचायतीत घराच्या नोंदीचा, नमुना ८ चा उतारा मिळतो, गावाला गेलात की तो काढा आणि त्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का बघा. हे भांडायला सांगत नाही. कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नका आणि निदान तीन वर्षं तरी हा विषय काढू नका असं मुलाला सांगा. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घर विकायचा निर्णय घाईने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पैसे पुढेही मिळतील.

आता मधल्या महिन्यांचं. पुष्कळ जण तुम्हाला मन रमवा म्हणतील, भजनी मंडळ सुचवतील, सकाळी चालायला जा म्हणतील. जा की. पण तुमच्या पत्रात मला दुसरंच दिसलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिच्या हाताने घर चाललं, तिच्या हातात या घरात नातू सोडला तर काहीच नाही. आराम करा असं सगळे प्रेमाने म्हणतात आणि तुमच्याकडून एकेक काम काढून घेतात. सुनेकडे स्वयंपाकघरातला एक कप्पा मागा. तिथे तुमचा काळा मसाला, तुमची लसणाची चटणी, कळण्याचं पीठ. आठवड्यातला एक स्वयंपाक तुमचा, त्या दिवशी बाईंना सुट्टी. वरण-बट्टी करा, शेवभाजी करा, हिवाळ्यात हिरवी वांगी मिळाली की भरीत. इथली भाजी गोड लागते ही तक्रार मनात ठेवून जेवण कमी करण्यापेक्षा आपल्या हाताने तिखट करून सगळ्यांना वाढा. पहिल्या वेळी मुलगा किती खातो ते बघा.

आणि बिबडे घाला, ज्वारीचे ते उन्हात वाळवायचे पापड. खरंच घाला. उन्हाळा आला की सोसायटीच्या ऑफिसात गच्चीची किल्ली मागायची. इथल्या इमारतींना गच्ची मोठी असते आणि बहुधा कुलूपबंद असते. सुनेला अर्ज टाकायला सांगा. ज्वारी भिजत घाला, भरडून आणा, मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, मिरची घालून घाटा शिजवा. नातवाला वाटीत गरम घाटा आणि वर तेलाची धार द्या. मग ओल्या कापडावर पाण्याच्या हाताने थापत जा. लसूण-तिळाचा तो वास अकराव्या मजल्यावरही तसाच येईल. वासाची वाट मेंदूत आठवणींच्या आणि भावनांच्या जागेशी थेट जोडलेली असते, म्हणून एखाद्या वासाने माणूस क्षणात गावी जाऊन येतो. त्या वेळी रडू आलं तर येऊ द्या, पण थापणं थांबवू नका. कापड उलटं करून पाणी मारून बिबडे सोडवायला दुसरी बाई लागतेच. ती कुठून आणायची, तेही सांगते.

दुपारी तुम्ही नातवाला घ्यायला गेटवर उभ्या असता, तेव्हा तुमच्या शेजारी कोण असतं? खांद्यावर पोराचं दप्तर घ्यायला आलेल्या आणखी चार-पाच आज्या. कुणी लातूरची, कुणी वर्ध्याची, कुणी कराडची. बस यायला उशीर झाला की सगळ्या रस्त्याकडे बघत उभ्या राहतात आणि एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. त्यातल्या निम्म्यांची पत्रं मला याच सदरासाठी येऊ शकतील. उद्या एकीला विचारा, तुमचं गाव कोणतं. एवढं पुरे. पुण्यात माणसं आपणहून दार वाजवत नाहीत, पण विचारलं की मन मोकळं करतात.

अहिराणीचं तर मला फार वाईट वाटलं. नातवाशी बोला, भरपूर बोला. लहान मुलं दोन-तीन भाषा सहज सांभाळतात, कुणाशी काय बोलायचं ते त्यांना आपोआप कळतं. अहिराणीने त्याची मराठीही बिघडणार नाही आणि इंग्रजीही अडणार नाही. उलट "जेवण व्हयनं का?" असं त्याने गावाला गेल्यावर तुमच्या जावेला विचारलं तर त्या घरात काय आनंद होईल! शिवाय तुम्ही समजता तितक्या एकट्या नाही. कारखान्यांच्या ओढीने आलेली खानदेशातली असंख्य कुटुंबं पिंपरी-चिंचवडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, श्रावणात इथेही कानबाई बसते. मुलाच्या कंपनीत नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर एकदा विचारा, कोण अमळनेर, पारोळा, एरंडोल, धुळ्याकडचं आहे. उत्तर आल्याशिवाय राहणार नाही.

जावेला रोज फोन करता की नाही ते लिहिलं नाहीत. करत असाल तर एक वेळ ठरवा, संध्याकाळी तिथे ओट्यावर बायका बसतात ती. दिवसातून चार-पाच वेळा केलात तर इथला दिवस तुम्हाला जास्त रिकामा वाटेल.

दोन गोष्टींची कल्पना आधीच देते, म्हणजे घाबरायला होणार नाही. गावाला कुलूप उघडल्यावर पहिली संध्याकाळ अवघड जाईल. त्यांची चप्पल, त्यांची खाट, सगळं तिथेच असेल. आणि दहा दिवसांनी पुण्याला परतल्यावर पहिला आठवडा आत्तापेक्षा जड जाईल. तेव्हा घरचे म्हणतील, बघा, जाऊन आल्यावर जास्तच त्रास होतो, आता नकोच. ऐकू नका. मे महिन्याची तारीख तेव्हाच कॅलेंडरवर लिहून टाका.

पहाटे चारला जाग येते त्याची फार चिंता करू नका. वयानुसार झोप लवकर येते आणि लवकर जाते. मात्र जेवण जात नाही हे मला खटकलंय. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, अन्न नको होत असेल, वजन उतरलं असेल, नातवातही मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी १२ आणि रक्त तपासून घ्या, या वयात त्यांच्या कमी-जास्तीनेही मन खचतं. मनाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं तर जा, औषधाने बरं होणारं दुखणं असू शकतं. आणि रात्री-अपरात्री जगणंच नकोसं वाटलं तर गॅलरीत बसून राहू नका. मुलाला उठवा आणि १४४१६ हा नंबर लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

मुलाशी बोलायला रविवारची सकाळ निवडा, सून समोर असताना. तिला बाजूला ठेवून बोललात तर तिला वाटेल तिच्यात काही उणं आहे. उलट ती तुमच्या बाजूने बोलेल असा माझा अंदाज आहे. तीही कुणाची तरी लेक आहे आणि माहेरी जायच्या तारखा तिला पाठ असतील.

गाडीने सोडणं जमत नसेल तर धुळ्याकडच्या एसटी सध्या वाकडेवाडीच्या स्टँडवरून सुटतात, धुळ्याहून पुढे अमळनेरला गाड्या आहेत. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे. श्रावणात गर्दी असते, तेव्हा तारीख ठरली की त्याच दिवशी आरक्षण करून टाका, आणि पहिल्या खेपेला रात्रीची गाडी नको, सकाळची घ्या.